चाकामागची गोगलगाय

१

पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात तो ट्रेलर चारी चाकं वर करून पडला होता, पाठीवर उलटलेल्या झुरळासारखा. क्रेनवाल्याने खड्ड्यातून जसा उचलला तसाच आणून टाकला आणि हात झटकून मोकळा झाला. भिंतीला थुंकीची नक्षी, कोपऱ्यात हिरवट पाण्याचं डबकं, पत्र्याखाली मांजरीने थाटलेला संसार. नाकमुरडीने रुमाल नाकाला लावला आणि मनात म्हणाली, घ्या, अजून एक उकिरडा.

नाकमुरडी हे नाव तिला ऑफिसातल्यांनी पाडलेलं. विमा कंपनीसाठी अपघात तपासण्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. खोटी रडणी, खोट्या जखमा, मुद्दाम पेटवलेली दुकानं बघून बघून तिला आता बहुतेक सगळ्याचीच किळस यायची. चहासुद्धा ती पिशवीतल्या स्वतःच्या स्टीलच्या पेल्यातच घ्यायची.

प्रकरण वरवर सरळ होतं. ट्रेलर म्हणजे मोटार आत चढवून न्यायची चार चाकांची बंद पेटी. आत मालकाची साठ वर्षांची लाल मोटार होती, प्रदर्शनाला निघालेली. रविवारी सकाळी डोंगरातल्या जुन्या रस्त्यावर, उतारावर, ट्रेलरचा एक टायर फुटला. ट्रेलर हेलकावे खात रस्त्याखालच्या खड्ड्यात उलटा पडला आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन गेला. लाल मोटारीचा चुराडा झाला. ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तिच्या हाताखालच्या माणसाने अर्ध्या पानात निकाल लावून टाकला होता. टायर चारच महिन्यांचे, म्हणजे टायरांचा दोष नाही. नटांवरच्या रंगाच्या खुणा सरकलेल्या, म्हणजे नट ढिले. ड्रायव्हर निष्काळजी आणि वर भरधाव. या अर्ध्या पानावर त्या एका पायाच्या माणसावर खटला उभा राहणार होता, आणि खाली फक्त तिची सही बाकी होती.

"ठोका सही नि मोकळ्या व्हा, बाई," हवालदार जांभई देत म्हणाला. "परवा कागद कोर्टात जायचेत."

तोंडावर हात ठेवायची पद्धत जगातून उठली होती बहुतेक. तिने उत्तर न देता स्टूल ओढलं आणि वर चढून फुटलेला टायर बघितला. त्याच्या बगलेवर, म्हणजे कडेच्या रबरावर, वीतभर फट होती. मग तिने शेजारच्या चाकाला पाना लावला. सहा नट, सहांवरही पांढऱ्या-पिवळ्या रेघा, आणि एकही रेघ रिमवरच्या रेघेशी जुळत नव्हती. अहवालात लिहिल्याप्रमाणे नट ढिले असायला हवे होते.

तिने जोर लावला. नट हलला नाही. दोन्ही हातांनी लोंबकळली, तरी नाही. शेवटी हवालदाराने येऊन आपलं सगळं वजन टाकलं, तेव्हा कुठे कर्र करून तो केसभर फिरला.

"ढिला म्हणे," हवालदार हात चोळत म्हणाला. "हा तर कुणा राक्षसाने आवळलाय."

२

दवाखान्यात फिनेलचा वास, आणि फिनेलखाली ज्यासाठी फिनेल वापरलं त्याचा वास. ड्रायव्हर खिडकीजवळच्या खाटेवर होता. शेजारी त्याची बायको संत्रं सोलत बसली होती.

"घ्या ना ताई," ती म्हणाली. "मालकांचे मेहुणे रोज पिशवी भरून आणतात. मालक एकदाही फिरकले नाहीत. पण मेहुणे अगदी देवमाणूस. माझ्यापुढे बसून रडले परवा."

नाकमुरडीने संत्रं नको म्हटलं. ड्रायव्हर छताकडे बघत होता.

"पाय गेला ते गेलं," तो म्हणाला. "पण लोक म्हणतात, याने भरधाव नेली. बत्तीस वर्षांत माझ्या हातून कुणाला खरचटलंसुद्धा नाही हो. उद्या कोर्टाने तेच लिहिलं, तर मी मेल्यावरही तेच राहणार."

"टायर कसे होते?"

"नवे कोरे. दोन वर्षं मालकांच्या कानीकपाळी ओरडलो तेव्हा घेतले. मी स्वतः दुकानात जाऊन निवडले. आदल्या संध्याकाळी हवा मोजली, टायरवर लिहिलेली पुरेपूर होती."

म्हणजे टायर नवा, हवा बरोबर, तरी फुटला. मग वेगाशिवाय दुसरं कारण काय? आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेत होता हा भला माणूस, आणि पाय तर एकच उरला होता. असलं आपल्या मनात आलं म्हणून तिला स्वतःचीच शिसारी आली.

"नटांवरच्या रेघा?"

"माझी सवय आहे, बाई. नट आवळला की नटावरून रिमवर पांढरी रेघ ओढायची. पहिला फेरा झाला की सगळे नट परत आवळायचे आणि पिवळी रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट फिरला. दुरून कळतं."

"त्या सकाळी रेघा बघितल्यात?"

तो चादरीची सुरकुती बोटाने सपाट करत राहिला.

"चाकांवर पत्र्याचं झाकण असतं," तो म्हणाला. "उचलल्याशिवाय चाक दिसत नाही. रोज उचलतो मी. त्या दिवशी मालक पुढच्या गाडीतून निघून गेले होते आणि फोनवरून शिव्या घालत होते. मेहुणे म्हणाले, मी बघितलंय सगळं, तुम्ही बसा. मी बसलो. चुकलंच माझं."

"मग?"

"सातच्या बातम्या संपल्या आणि फट्ट झालं. शुद्धीवर आलो तेव्हा पाय स्टिअरिंगखाली चेचलेला. मेला रेडिओ चालूच. मी हाका मारल्या. मेहुणे टेम्पो घेऊन मागेच होते, लगेच खाली उतरले. मला दिसत नव्हते, पण लोखंडाचा आवाज सुरू झाला." त्याचे डोळे भरले. "मला सोडवायला धडपडत होते हो. कर्र, कर्र, सहा वेळा. मग थांबायचे. मग परत सहा वेळा. दमत असतील बिचारे. त्या आवाजावर मी जीव धरून राहिलो. साडेसातच्या बातम्या झाल्या, गाणी लागली. मग आवाज थांबला आणि खिडकीत त्यांचं तोंड दिसलं."

"टेम्पोत काय होतं?"

"काय की. ताडपत्री होती वर."

बाहेर व्हरांड्यात डॉक्टरीण भेटली. ती हात पुसत म्हणाली, "अर्धा तास आधी आणलं असतं, तर पाय वाचला असता." नाकमुरडीने दवाखान्याचं रजिस्टर मागून घेतलं. रुग्णवाहिकेसाठी फोन आला होता आठला दहा मिनिटं कमी असताना.

पोलिसांपुढच्या जबाबात मेहुण्याने सांगितलं होतं, मी खूप मागे राहिलो होतो, पोचल्या पोचल्या फोन केला. त्याने तर जबाबात लोखंडाचा, धडपडीचा एक शब्दही काढला नव्हता. माणसं केलेला उपकार लपवत नाहीत, हे ती एकतीस वर्षांत शिकली होती.

३

टायरवाल्याचं दुकान म्हणजे घाणीचं माहेरघर. तो स्वतः एका टायरवर बसून दुसऱ्या टायरवर डबा ठेवून जेवत होता. नखं काळी, आणि तीच बोटं भाताच्या डब्यात. मधूनच नाक बाहीला पुसत होता. नाकमुरडीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर खिळवून ठेवली.

"जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला असं ऐकते," तिने मुद्दाम खडा टाकला.

तो घास टाकून उठला. "कोण म्हणतो? त्याला इथं आणा, तोंडात टायर कोंबतो! या इकडे." तिला हाताला धरून ओढणारच होता, पण तिचा चेहरा बघून थांबला. "हे चार आकडे बघा टायरवर. पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. एकाच बाजूला असतात. लबाड लोक ती बाजू आत घालतात. मी बाहेरच ठेवतो. जा, वाचा जाऊन."

"वाचले. नवेच आहेत."

"मग? ड्रायव्हरने एकेक टायर उन्हात नेऊन बघितला होता. मला म्हणाला, ट्रेलरसाठीच बनवलेला दे, मोटारीचा नको. मोटारीच्या टायरची बगल मऊ, उंच पेटी वाऱ्याने हलली की तो लचकतो. शहाणा माणूस. शंभरात एक असा येतो."

"आधीचे कसले होते?"

"मोटारीचेच, पांढऱ्या कड्याचे. दिसायला नवरदेव. अकरा वर्षांचे! नक्षी मात्र कोरी. लोकांना वाटतं टायर झिजून मरतो. ट्रेलरचा टायर उभ्या उभ्या मरतो, बाई. आतून वाळतो. मालक म्हणाले, रिमसकट दे, शोभेला भिंतीवर टांगतो. म्हटलं टांगा, पण परत लावू नका, मढी आहेत ती."

तिने फुटलेल्या टायरचा फोटो पुढे केला. त्याने तो डोळ्यांजवळ नेला, त्यावर भाताचं एक शीत पाडलं आणि खो खो हसत सुटला.

"हा फुटलाय? आत हात घालून बघितलात का?"

४

मालकाची शेड मात्र आरशासारखी लख्ख होती. जमीन पुसलेली, हत्यारं ओळीने टांगलेली. मालकाने तिला उभ्यानेच अर्धा तास ऐकवलं. लाल मोटारीच्या डाव्या दाराची मूठ आता जगात कुठे मिळत नाही. रंग असा की तसा पुन्हा होणे नाही.

"ड्रायव्हरला भेटून आलात का?" तिने मध्येच विचारलं.

"त्याला काय झालंय? पाय लावून मिळतात हल्ली. माझी गाडी लावून मिळणार आहे का?"

तिने रुमाल नाकाला लावला. दवाखान्यातल्या वासालाही तो लावला नव्हता.

तेवढ्यात मेहुणा चहा घेऊन आला. मालकाच्या बायकोचा धाकटा भाऊ, पन्नाशीचा, खांदे पाडून चालणारा. तिच्या पिशवीतून डोकावणारा पेला त्याने न सांगता ओळखला, हळूच मागून घेतला, गरम पाण्याने विसळला आणि त्यात चहा ओतला. इतकी नम्रता तिला कुणी बऱ्याच वर्षांत दाखवली नव्हती. चहा चांगला होता, ही त्यातली वाईट गोष्ट.

"प्रदर्शनात काय बघतात?" तिने मालकाला विचारलं.

"सगळं मुळातलं लागतं. ट्रेलरसुद्धा! मागच्या महिन्यात छोट्या प्रदर्शनात पंचांनी गुण कापले, ट्रेलरच्या टायरला पांढरं कडं नाही म्हणून. त्या ड्रायव्हरच्या नादाने काळे टायर घेतले ना! घरी येऊन याचा उद्धार केला मी." मालकाने मेहुण्याकडे अंगठा केला. "याला म्हटलं, माझ्या घरात राहतोस, खातोस, एवढं तरी बघ."

मेहुणा जमिनीकडे बघून हसला.

"ते पांढऱ्या कड्याचे टायर बघू जरा."

"तिथे भिंतीवर..." मालक वळला आणि थांबला. पांढऱ्या भिंतीवर चार खुंट्या होत्या आणि चार खुंट्यांखाली रबराची चार काळी वर्तुळं. टायर नव्हते. "अरे, माझे टायर कुठे गेले?"

"भंगारात दिले, दाजी. तुम्हीच म्हणाला होतात."

"मी? कधी? मी ते मरेपर्यंत दिले नसते!"

फळीवर काळ्या पॉलिशचा डबा उघडाच होता, आत बोटभरही शिल्लक नव्हतं. नाकमुरडीने पेला उलटा करून उरलेला चहा मोरीत ओतला.

"उद्या सकाळी दहाला पोलिसांच्या आवारात या," ती म्हणाली. "दोघेही."

५

टायरवाला आधीच येऊन फुटलेल्या टायरच्या फटीत खांद्यापर्यंत हात घालून उभा होता. मालक, मेहुणा आणि हवालदार बघत राहिले. त्याने हात बाहेर काढला. जेवताना होता त्यापेक्षा स्वच्छ होता.

"चालता टायर फुटला की गाडी थांबेपर्यंत तो रस्त्यावर दळला जातो," तो म्हणाला. "आत मूठ मूठ काळी भुकटी निघते. दोरे पिंजून बाहेर येतात. इथं भुकटी नाही, दोरे सुरीने कापल्यासारखे. हा टायर फुटलेला नाही, फाडलेला आहे. उभा असताना."

"कुणी तरी नंतर फाडला असेल," मेहुणा हळू आवाजात म्हणाला. "आवारात कोण कोण येतं."

"असेल," नाकमुरडी म्हणाली. "शेजारचं चाक काढा."

टायरवाल्याने नट काढले. कर्र, कर्र, सहा वेळा. तिने मनात मोजले. मग त्याने चाक हिसका देऊन उपसलं आणि उलटं करून दाखवलं.

रिमचा जो भाग चाकाच्या बैठकीवर घट्ट दाबून बसतो, तिथे वाळलेल्या चिखलाचा थर होता. चिखलात गवताची पाती इस्त्री केल्यासारखी सपाट, आणि त्यांच्या मधोमध एक गोगलगाय. शंखाचा चुरा झालेला, अंग कागदासारखं चपटं, भोवती तिचाच चकचकीत चिकटा सुकून बसलेला. नाकमुरडीने वाकून बघितलं. तिने रुमाल दाबला, दोन पावलं मागे गेली आणि परत पुढे आली.

"हे चाक आणि बैठक यांच्यामध्ये केसही जाऊ शकत नाही," ती म्हणाली. "गोगलगाय चालत जाईल का? ही बाई चाक बसवायच्या आधी रिमला चिकटली. खड्ड्यातल्या ओल्या गवतात कुणीतरी चाक आडवं ठेवलं, मग उचलून बसवलं आणि ती मेली. म्हणजे ट्रेलर खड्ड्यात पडल्यानंतर त्याची चाकं काढून ही नवी लावली आणि फुटलेल्याच्या जागी लावलेल्याची बगल सुरीने फाडली. चारी चाकं आभाळाकडे होती, जॅकचीही गरज नव्हती. नटांची अदलाबदल झाली म्हणून रेघा जुळत नाहीत. आणि घाबरलेल्या माणसाने आवळले म्हणून ते राक्षसाने आवळल्यासारखे घट्ट."

मालकाचा चेहरा उतरला. "मग आधी कुठली होती?"

"तुमच्या भिंतीवरची, शनिवारी रात्री चढवलेली. अकरा वर्षांची मढी, वरून काळं पॉलिश चोपडून भेगा बुजवलेली. पंचांना पांढरं कडं दाखवायचं आणि परतताना नवी लावायची, असा बेत होता. म्हणून नवी चाकं ताडपत्रीखाली टेम्पोत होती. टेम्पो कोण चालवत होतं?"

मालकाने हळूहळू मेहुण्याकडे मान वळवली. डबक्यात बेडूक ओरडत होता.

"मी..." मेहुणा म्हणाला. "मी दार उघडायचा प्रयत्न करत होतो. त्यालाच विचारा. त्याने आवाज ऐकलाय."

"विचारलं. गाडीचं दारही बघितलं. रुग्णवाहिकेवाल्यांनी यंत्राने कापलंय. त्याशिवाय त्यावर पहारीचा, पान्याचा, नखाचासुद्धा ओरखडा नाही. आणि दार उघडणारा माणूस मोजून सहा-सहा वेळा जोर लावून थांबत नाही. सहा नट काढले, थांबला. सहा लावले, थांबला. चार चाकं. चाळीस मिनिटं."

मेहुण्याने एकदा मालकाकडे बघितलं.

"मला वाटलं तो गेला," तो म्हणाला. "दाजींनी मला घराबाहेर काढलं असतं. ताईला काय तोंड दाखवलं असतं मी? मला वाटलं, तो गेलाच आहे, तर निदान..."

"तो हाका मारत होता."

मेहुण्याने मान खाली घातली. "हो."

"कुणाला?"

"मला."

गोगलगाय आणि पोटात पाय, असं म्हणतात. रिमवरच्या त्या चपट्या जिवाची आता नाकमुरडीला अजिबात किळस वाटेना. मालक हवालदाराला बाजूला घेऊन विचारत होता की घरातल्याच माणसाने केलं असेल, तर गाडीचा विमा मिळतो की नाही. टायरवाल्याने ते ऐकलं आणि तो कुणालाही न विचारता भिंतीवर पचकन थुंकला. पहिल्यांदाच तिला कुणाचं थुंकणं पटलं.

तिने तिथेच ते अर्धं पान फाडलं आणि नवा अहवाल लिहून सही केली.

६

दुपारी ती दवाखान्यात गेली. खाटेखाली संत्र्यांची नवी पिशवी होती. सकाळी आवारात यायच्या आधी मेहुणा ठेवून गेला होता. बायको त्यातलंच एक सोलत होती.

"खटला तुमच्यावर होणार नाही," नाकमुरडी म्हणाली. "तुमचा काही दोष नाही, असं लिहून दिलंय मी."

बायकोने देवाला हात जोडावेत तसे हात जोडले. ड्रायव्हर मात्र विचारत राहिला, मग कुणाचा दोष, टायर कुठले, कसं कळलं. तिने सगळं सांगितलं. पांढरी कडी, पॉलिश, ताडपत्री, गोगलगाय. सहा नटांपाशी येऊन ती अडखळली. एकतीस वर्षांत तिला कुणाला काही सांगताना इतकं जड गेलं नव्हतं.

"तो आवाज..." तिने सुरुवात केली.

"पान्याचा होता," ड्रायव्हर म्हणाला.

तिने स्टूल ओढून खाटेजवळ घेतलं.

"बत्तीस वर्षं नट आवळतोय, बाई. मला नाही ओळखू येणार?" तो शांतपणे बोलत होता, छताकडे बघत. "दुसऱ्या चाकालाच ओळखला. मनाला म्हटलं, नाही, तुला सोडवतायत. तसं नसतं म्हटलं, तर तिथं जगलो नसतो मी. मग तेच सांगत सुटलो सगळ्यांना, हिलासुद्धा. म्हटलं, सांगत राहिलो तर खरं होईल."

बायकोच्या हातातलं संत्रं अर्धं सोललेलं होतं. तिने ते सालीसकट पिशवीत टाकलं. खाऊन झालेल्या बियासुद्धा बशीतून वेचून पिशवीत टाकल्या, पिशवीला गाठ मारली आणि ती बाहेर गेली. कचऱ्याच्या डब्याचं झाकण वाजलं.

मग व्हरांड्यातला नळ सुरू झाला. ती बराच वेळ हात धूत होती.